ज्येष्ठांसाठी चित्रकला स्पर्धा पुरे, आठवड्याचा वर्ग सुरू करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की विरंगुळा केंद्रांत, ज्येष्ठ नागरिक संघांत आणि वृद्धाश्रमांत चित्रकला स्पर्धांचे फलक लागतात. विषय ठरलेले, वेळ एक तास, तीन बक्षिसे आणि दोन उत्तेजनार्थ, शेवटी पाहुण्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ. अलीकडे या कार्यक्रमाला ‘आर्ट थेरपी’ म्हणायचीही पद्धत पडली आहे. आयोजकांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ज्याने शाळेत असताना इंटरमिजिएटची परीक्षा दिली होती, तोच दरवर्षी पहिला येतो. ज्यांनी पन्नास-साठ वर्षांनी पहिल्यांदा हातात खडू धरला, ते आपले चित्र त्याच्या चित्राशेजारी टांगलेले पाहतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. हात थरथरणारे, नुकता जोडीदार गेलेले, एका डोळ्याने कमी दिसणारे मुळात नावच देत नाहीत. म्हणजे ज्यांना या कामाचा उपयोग व्हायचा, तेच नेमके बाहेर राहतात. स्मृतिचिन्हे आणि फ्लेक्स यांवर होणारा खर्च वाचवून त्याच पैशात वर्षभर आठवड्याचा एक वर्ग चालवता येतो. तो कसा चालवावा आणि कुठे फसतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी थेरपीबद्दल. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये असताना स्वतः चित्रे काढू लागले आणि मग इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले. ‘आर्ट थेरपी’ हे नाव 1942 साली त्यांनीच दिले. आज ब्रिटनमध्ये नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. असा उपचारक रुग्णाच्या डॉक्टरांशी बोलतो, उद्दिष्ट ठरवतो, दर वेळी नोंद ठेवतो. आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा केलेली व्यक्तीही तोच फलक लावते. कोणी उपचारक म्हणून आला तर कुठे शिकला, किती महिने रुग्णांसोबत देखरेखीखाली काम केले, हे दोन प्रश्न केंद्रांनी जरूर विचारावेत. मात्र बहुतेक केंद्रांना उपचारकाची गरजच नसते. नीट चालवलेला वर्ग पुरतो, फक्त त्याला वर्गच म्हणावे.

फायदा किती, याबाबतही तोलून बोललेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळून कला आणि आरोग्य यांचा संबंध अनेक अंगांनी दिसतो, असा अहवाल दिला. जर्मनीत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 28 निवृत्त लोकांपैकी काहींनी दहा आठवडे स्वतः चित्रे काढली, तर बाकीच्यांनी चित्रे पाहून त्यांवर चर्चा केली. मेंदूच्या भागांमधील जोडणीत सुधारणा दिसली ती काढणाऱ्यांमध्ये. प्रयोग लहान आहे, तरी स्लाइड-शो दाखवून काम भागवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. दुसरीकडे, डिमेन्शियातील (स्मृतिभ्रंशातील) कला-उपचाराचा 2018 चा कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध चाचण्या कडक निकषांवर एकत्र तपासणारा अहवाल, पाहिला तर निकषांत बसणाऱ्या चाचण्या अवघ्या दोन निघाल्या, त्यांत मिळून 60 माणसे, आणि त्यावरून ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा ‘स्मरणशक्ती परत येते’ असे कोणी सांगू लागले तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. वर्गाकडून अपेक्षा ठेवायची ती दीड तास एका कामात रमण्याची, हाताला व्यायाम मिळण्याची आणि घराबाहेर पडायला कारण मिळण्याची.

आता डोळ्यांचे बघू, कारण निम्मे वर्ग इथेच बिघडतात. वय वाढते तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. शिक्षकाला लख्ख वाटणारी खोली समोरच्याला संध्याकाळसारखी दिसते. म्हणून दिवसाची वेळ निवडावी. खिडकी पाठीशी किंवा डावीकडे ठेवावी, समोर नको, नाहीतर डोळे दिपतात. शिवाय दर दोन माणसांमागे टेबलावर एक दिवा हवा, उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडे. टेबलावर चकचकीत सनमायका असेल तर त्यावर गडद, बिनचकाकीचे कापड अंथरावे. पांढरा कागद पांढऱ्या टेबलावर ठेवला की त्याची कड दिसत नाही आणि रेघ सरळ टेबलावर जाते.

पिवळट भिंगातून निळा, जांभळा आणि हिरवा यांत गफलत होते, फिका पिवळा तर पांढऱ्या कागदावर गायबच होतो. रंगांच्या वाट्यांवर नावे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवली की ‘समुद्र जांभळा कसा झाला’ हा प्रश्न उरत नाही. एकाच डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर त्या डोळ्याला तोच कागद जास्त निळसर दिसतो, दुसऱ्याला पिवळट. अशी व्यक्ती रंग लावताना अडखळली तर घाई करू नये. आराखडा द्यायचाच असेल तर रेघ काळी आणि दोन-तीन मिलिमीटर जाड असावी. झेरॉक्स काढलेली ती बारीक जाळीची मंडले (रंगवायची गोल नक्षी) इथे कुचकामी ठरतात. सेंटिमीटरपेक्षा लहान घरे भरताना डोळाही शिणतो आणि अंगठाही. टेडी, फुगे, कार्टून यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्याने चाळीस वर्षे बँकेत सह्या केल्या त्याला बालवाडीचे पान देणे हा अपमान आहे, आणि तो त्याला समजतो.

हातांच्या बाबतीत खर्च जवळजवळ शून्य आहे. संधिवातात, विशेषतः अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर बारीक ब्रश धरणे हीच शिक्षा होते. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. त्याचे दहा सेंटिमीटरचे तुकडे करून ब्रशवर चढवले की पकड अडीच-तीन सेंटिमीटर जाड होते. फोम नसेल तर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोन रबर बँड लावावेत. ट्यूबची झाकणे कार्यकर्त्यांनी आधीच उघडून रंग वाटीत काढून ठेवावेत. तैलखडू बरे, कारण दाब कमी लागतो, पण ते मोडतात, म्हणून मध्यापर्यंत कागदी टेपची गुंडाळी करावी. कोरडे पेस्टल आणि त्यांची धूळ दमेकऱ्यांच्या खोलीत आणूच नयेत. अ‍ॅक्रिलिक रंग पाच-दहा मिनिटांत वाळतो आणि सावकाश काम करणाऱ्याचा ब्रश कडक होऊन बसतो. पोस्टर कलर बरा.

पार्किन्सनच्या रुग्णाची वेळ त्याच्या गोळीवरून ठरवावी. गोळीचा परिणाम चढलेला असतो तेव्हा हात मोकळा चालतो, उतरत आला की ब्रश उचलेनासा होतो. ही वेळ घरच्यांना नेमकी माहीत असते, विचारावे. या आजारात अक्षर आणि रेघ आपोआप लहान होत जाते. म्हणून कागद ए-3 पेक्षा मोठा, ब्रश इंचभर रुंद, आणि दोन्ही कडांना ठळक रेघ ओढून ‘इथून तिथवर’ असे सांगावे. मनगटाला वजनाचा पट्टा बांधून थरथर कमी होते असे ऐकून सगळ्यांना पट्टे बांधू नयेत. काहींना तो चालतो, काहींचा खांदा भरून येतो, ते ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्याने) ठरवायचे.

अर्धांगवायूनंतर कागद चारही कोपऱ्यांना मास्किंग टेपने टेबलाला चिकटवावा, नाहीतर एका हाताने काम करताना तो फिरत राहतो. दुबळा हात मांडीवर लोंबकळत न ठेवता टेबलावर आधार देऊन ठेवावा, त्याने खांदा दुखायचा राहतो. काहींना डाव्या बाजूचे भानच नसते. चित्र कागदाच्या उजव्या अर्ध्यातच होते आणि त्यांना ते पूर्ण वाटते. कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून ‘लाल पट्टी दिसेपर्यंत जा’ म्हणावे, मदतनीस डावीकडे बसवावा आणि रंगाची वाटी दर आठवड्याला थोडी थोडी डावीकडे सरकवावी.

महाराष्ट्रातल्या वर्गात कोऱ्या कागदापेक्षा रांगोळीने सुरुवात केलेली केव्हाही चांगली. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायकांनी रोज दारात, आणि चैत्रात अंगणभर, रेघा काढलेल्या असतात. ती सवय हातात बसलेली असते, म्हणून स्मरणाची पडझड झाल्यावरही ती बराच काळ टिकते. पण जमिनीवर बसवू नये. गुडघे हे एक कारण झाले. दुसरे म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी व्यक्ती अर्धा तास बसून एकदम उठली की भोवळ येते आणि मांडीचे हाड मोडते. ‘आम्ही खालीच बसणार’ असा आग्रह होईल, तो मोडून काढावा. साधारण 45 बाय 60 सेंटिमीटरचा प्लायवूडचा ट्रे घ्यावा, कडेला बोटभर उंचीची पट्टी मारावी आणि आतून गेरू किंवा काळा रंग लावावा. पांढरी रेघ त्यावर अंधूक डोळ्यालाही दिसते, आणि पिठी बाहेर सांडत नाही.

विकतची रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. बंद खोलीत आठ माणसे ती सोडू लागली की दमेकरी खोकू लागतात. त्याऐवजी जरा रवाळ दळलेली तांदळाची पिठी वापरावी. फार बारीक पिठी चिमटीत चिकटते, धार धरत नाही. पावसाळ्यात तीही ओलसर होऊन गुठळ्या धरते, म्हणून आदल्या दिवशी मंद आचेवर परतून, गार करून चाळून घ्यावी. चिमूटच धरता येत नसेल तर पिठी पाण्यात धिरड्याइतकी पातळ कालवून सॉसच्या पिळायच्या बाटलीत भरावी. मूठभर पकडीने रेघ निघते. वर्ग संपल्यावर ट्रे लगेच पुसावेत, रात्रभर ठेवले तर सकाळी मुंग्यांचा वर्ग भरतो.

ठिपके आधी देऊन ठेवावेत. उदबत्तीने भोके पाडलेला कागद त्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तोच जाड पुठ्ठ्यावर करावा आणि दोन ठिपक्यांत चार सेंटिमीटर अंतर ठेवावे. सवय असलेल्यांना ‘नऊ ते पाच’ (मधल्या ओळीत नऊ ठिपके, वर-खाली कमी होत पाच) सहज जमते. ती या अंतराने मधल्या ओळीत 32 सेंटिमीटर होते, म्हणजे ट्रेमध्ये बसते. नव्या माणसाला पाच बाय पाच, आणि डिमेन्शिया पुढे गेलेल्यांना तीन बाय तीन. चार ठिपके जोडून मदतनिसाने थांबायचे. पुढची रेघ बहुधा आपोआप येते. नाही आली तर आणखी एक जोडायची, संपूर्ण काढून दाखवायची नाही. रंग भरायला हळद, कुंकू दिले की चेहरे उजळतात, मात्र कुंकू डोळ्यांत जाणार नाही एवढे पाहावे.

पुरुष रांगोळीला नाके मुरडतात, त्यांना दिवाळीच्या आधी आकाशकंदिलाचे काम द्यावे. कामट्या पॉलिश पेपरने घासून द्याव्यात, कारण रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना साधी फासही त्रासाची ठरते. दोऱ्याच्या गाठींऐवजी रबर बँड पुरतात. दृष्टी फार कमी असेल तर कागद कापणे आणि फाडून चिकटवणे हा चांगला मार्ग आहे. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1950 च्या दशकात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली, त्यानंतरही त्यांनी कागद कापून आणि दुमडून काम चालू ठेवले. कात्री बोथट टोकाची हवी, कटर खोलीतच नको.

डिमेन्शिया असलेल्यांचा गट चार-पाच जणांपेक्षा मोठा करू नये, वेळ अर्धा ते पाऊण तास, तीही सकाळी. दिवेलागणीला अनेकांची अस्वस्थता वाढते. सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे ब्रश धुवायचा पेला. स्टीलच्या पेल्यातले तांबूस पाणी चहा समजून पिऊन टाकले जाते. त्यासाठी पसरट, जड बुडाचे, पिण्याच्या भांड्यांत कधीच नसते अशा रंगाचे भांडे ठेवावे, आणि खरा चहा वर्ग संपल्यावर, टेबल आवरून झाल्यावरच आणावा. मणी, डाळी, थर्माकोलचे गोळे टाळावेत. गिळण्याची अडचण असलेल्याच्या तोंडात ते गेले तर श्वास अडकतो. डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले म्हणून तो रंग खाण्याजोगा होत नाही.

बोलायचे कसे, तेही ठरवून घ्यावे. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न परीक्षा घेतो. त्याऐवजी दोन रंग समोर धरून ‘यातला कोणता?’ असे विचारले की उत्तर बोटानेही देता येते. सरसकट ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणणे सोयीचे आहे, पण निवृत्त मुख्याध्यापिका ‘बाई’ या हाकेला मान वर करतात, आणि कोणी आयुष्यभर ‘नाना’ किंवा ‘मास्तर’ असतो. घरी विचारून ती हाक वहीत लिहावी. ‘वा, छान!’ सगळ्यांनाच म्हटले की त्याला किंमत राहत नाही. ‘हा लाल तुम्ही पार कडेपर्यंत नेलात’ असे जे दिसते ते म्हणावे, ऐकणाऱ्याला कळते की खरेच पाहिले.

मदतनिसांचा हात हा मोठा प्रश्न आहे. मुलगी, सून, केंद्रातल्या मावशी प्रेमापोटी चित्र पुरे करून देतात, आणि फोटोत ते सुंदरही दिसते. नियम एकच ठेवावा: मदतनिसाने कागद धरावा, रंग पुढे करावा, कागदाला ब्रश लावू नये. आणि फोटो काढून लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणेही थांबवावे. चित्र ज्याचे त्याचे आहे, भिंतीवर लावायचे की नाही तेही त्यालाच विचारावे.

चित्रावरून मन ओळखण्याचा मोह शिक्षकांनी सोडावा. काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, असे सांगणारे बरेच भेटतात. काळा हा रंग त्यांना सर्वांत स्पष्ट दिसतो, किंवा जवळची वाटी तीच असते. घड्याळाचे चित्र काढायला लावणेही डॉक्टरांची तपासणी आहे, वर्गात ते करू नये. मात्र काही बदल दिसले तर गप्प बसू नये. आठवड्यापूर्वी पूर्ण कागद वापरणारा माणूस आज अचानक अर्ध्यावर थांबतो, ब्रश हातातून गळतो, बोलणे अडखळते, तोंड वाकडे वाटते, तर चित्र बाजूला ठेवून त्याच मिनिटाला रुग्णवाहिका बोलवावी. ‘आता जगून काय करायचे’ हे वारंवार कानावर आले तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416, आणि घरात छळ किंवा दुर्लक्ष होत असल्याची शंका आली तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567 क्रमांक खोलीत लावून ठेवावा.

सामान किती लागते? आठ जणांच्या बारा वर्गांसाठी 200 ते 220 जीएसएमचे (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचे, म्हणजे जाड) ए-3 आकाराचे शंभरेक कागद, जाड तैलखडूंच्या आठ पेट्या, पोस्टर कलरच्या लाल, पिवळा, निळा, काळा यांच्या प्रत्येकी दोन आणि पांढऱ्याच्या तीन बाटल्या, 12 आणि 20 नंबरचे चपटे ब्रश आठ-आठ, मास्किंग टेपची चार रिळे, दोन मीटर फोमची नळी, दोन किलो पिठी आणि आठ ट्रे. पातळ कागद घेऊन पैसे वाचवू नयेत. ओल्या रंगाने तो लाटा धरतो, फाटतो, आणि दोष आपल्या हाताचा आहे असे काढणाऱ्याला वाटते.

पालिकांनी आणि संघांनी विरंगुळा केंद्रात द्यायच्या गोष्टीही फार नाहीत. हात आणि पाठ असलेल्या खुर्च्या, पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीच्या. चाकाची खुर्ची आत शिरेल असे टेबल. त्याच मजल्यावर, पकडायला दांडा असलेले स्वच्छतागृह, कारण पाण्याच्या गोळ्या घेणारा माणूस ते जवळ नसेल तर वर्गालाच येत नाही. खोलीत किंवा लगत नळ. आणि सामानाचे कपाट, ज्याची एक किल्ली वर्ग घेणाऱ्याकडे असेल. किल्ली कार्यालयात राहिली, लिपिक रजेवर गेले आणि आठ माणसे गप्पा मारून घरी गेली, असे दोनदा झाले की तिसऱ्या आठवड्याला चौघेच येतात. येत्या ऑक्टोबरची स्पर्धेची तरतूद अजून खर्च झाली नसेल, तर दिवे आणि ट्रे यांच्यापासून सुरुवात करावी.

आपले,
ज्येष्ठांसोबत काम करणारे काही कलाशिक्षक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे